उपरी

आजच्या वाचनाला स्तोत्र 39 आहे. शेवटाकडे दावीद स्वतःला देवाजवळचा उपरी म्हणवतो. इंग्रजी किंग जेम्स बायबलात तिथे ‘सोजर्नर’ हा शब्द आहे, आणि तो आला की मला सोजर्नर ट्रूथच आठवते.

मूळ नाव इझाबेला. 1797 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मली. घरात बोलायचे डच. नऊ वर्षांची असताना मेंढरांसकट 100 डॉलरला विकली गेली. पुढे ड्युमाँट नावाच्या मालकाने कायद्याच्या एक वर्ष आधी मोकळं करतो असा शब्द दिला नि फिरवला. 1826 मध्ये तिने राहिलेली लोकर कातून दिली आणि पहाटे तान्ह्या मुलीला घेऊन चालती झाली. बाकीची मुलं मागेच राहिली.

त्यातल्या छोट्या पीटरला अलाबामाला विकलं. राज्याबाहेर विकणं हा न्यूयॉर्कमध्ये गुन्हा होता! हिला अक्षरओळख नाही, हातात पैसा नाही. क्वेकर लोकांच्या मदतीने तिने किंग्स्टनच्या कोर्टाचे उंबरे झिजवले आणि 1828 मध्ये मुलगा परत मिळवला. त्याच्या अंगभर वळ होते. भीतीपोटी तो आधी आईला ओळखच देईना.

1 जून 1843 ला नवं नाव घेऊन ती न्यूयॉर्क शहरातून बाहेर पडली. नॉर्थहॅम्प्टनला गॅरिसन, डग्लस भेटले आणि गुलामगिरीविरोधी सभांतून ती बोलू लागली. 1850 मध्ये तिने सांगितलेली जीवनकथा छापली गेली, ती सभांमध्ये विकून ती पोट भरायची. (या सोसायट्या वर्गणी, जत्रा आणि पुस्तकविक्रीवरच चालत.) 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या दास्यविमोचकांना अर्पण केली, तेव्हा ही बाई हयात होती. ती वारली 1883 मध्ये, बॅटल क्रीकला.

मला सगळ्यात भावतं ते तिचं बायबल ऐकणं. मोठ्या माणसांना एखादी ओळ परत वाचा म्हटलं की ते अर्थ समजावत बसायचे. गुलामाने मालकाचं ऐकावं, हा अर्थसुद्धा पुलपिटावरूनच सांगितला जायचा ना! म्हणून ती लहान मुलांकडून वाचून घ्यायची. मूल तीच ओळ हवी तितक्यांदा वाचतं, पदरचं काही घालत नाही.

त्यामुळे आज मी विवेचन लिहीत नाहीये. घरात वाचता येणारं लहान मूल असेल तर त्याच्याकडून स्तोत्र ऐका. तेराच वचनं आहेत.