सर ऑस्वल्ड मोस्ले : मतदारांनी नाकारलेला नेता

हिटलर व मुसोलिनी यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. त्याच काळात इंग्लंडमध्येही एक नेता काळा शर्ट घालून सत्तेची स्वप्ने पाहत होता, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.

ऑस्वल्ड मोस्लेचा जन्म १६ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनमध्ये, एका सधन जमीनदार घराण्यात झाला. पहिल्या महायुद्धात विमान कोसळून त्याचा पाय कायमचा अधू झाला. १९१८ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून आला. १९२० मध्ये तो लॉर्ड कर्झन यांचा जावई झाला. बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय ते हेच. आयर्लंडमधील सरकारी अत्याचारांचा निषेध करून त्याने हुजूर पक्ष सोडला व १९२४ मध्ये तो मजूर पक्षात आला.

१९२९ च्या मजूर सरकारात त्याच्याकडे बेकारीनिवारणाचे काम होते. सार्वजनिक बांधकामे काढून कामे निर्माण करावीत, ही त्याची योजना मंत्रिमंडळाने फेटाळली. मे १९३० मध्ये त्याने राजीनामा दिला. येथपर्यंतचा मोस्ले आदरास पात्र वाटतो. पुढे मात्र बुद्धीवर उतावळेपणाने मात केली.

१९३१ च्या निवडणुकीत त्याच्या नव्या पक्षाचे चोवीसही उमेदवार पडले. मग मुसोलिनीला भेटून येऊन त्याने १९३२ मध्ये फॅसिस्ट पक्ष काढला. प्रारंभी एका बड्या वृत्तपत्रमालकाचा पाठिंबा लाभला. परंतु जून १९३४ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्याच्या स्वयंसेवकांनी विरोधकांना बेदम मारले आणि प्रतिष्ठित मंडळी दूर झाली. त्यानंतर त्याने ज्यूद्वेषाचा मार्ग अधिकच उघडपणे धरला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी केबल स्ट्रीटवर हजारो नागरिकांनी त्याचा मोर्चा अडविला. १९३७ च्या लंडन कौंटी निवडणुकीत बेथनल ग्रीनमध्ये सुमारे २३ टक्के मते मिळाली, पण जागा एकही नाही.

जर्मनीत जे साधले ते येथे का साधले नाही? इंग्रज माणूस जात्याच शहाणा, हे उत्तर पुरेसे नाही. जर्मनीत मतांच्या प्रमाणात जागा मिळत. १९२८ मध्ये अवघ्या २.६ टक्के मतांवर नाझींना १२ जागा मिळाल्या. इंग्लंडमध्ये, आपल्याकडल्याप्रमाणेच, मतदारसंघात पहिला येईल तोच निवडून येतो. शिवाय जर्मनीइतकी भीषण बेकारी तेथे नव्हती आणि घाबरलेल्या मध्यमवर्गाला १९३१ चे राष्ट्रीय सरकार हा जुनाच, भरवशाचा आसरा होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हुजूर पक्षाला मोस्लेची गरज भासली नाही. हिटलरला १९३३ मध्ये चान्सेलरपदी बसविले ते जर्मनीतील जुन्या सनातनी पुढाऱ्यांनीच. हुकूमशाहीला मते लागतात, तसा आतून कडी काढणारा कोणीतरीही लागतो.

मे १९४० मध्ये मोस्ले स्थानबद्ध झाला. १९४३ मध्ये सुटला. १९५९ मध्ये कृष्णवर्णीय स्थलांतरितांविरुद्ध प्रचार करून तो नॉर्थ केन्सिंग्टनमधून उभा राहिला आणि अनामत रक्कमही गमावून बसला. ३ डिसेंबर १९८० रोजी पॅरिसजवळ त्याचा अंत झाला.

विद्यार्थी मित्रहो, वक्तृत्व, शौर्य, बुद्धी सारे त्याच्याजवळ होते. म्हणूनच अठराव्या वर्षी हाती मतपत्रिका येणाऱ्या आपण, नेत्याचे तेज पाहताना त्याचे स्वयंसेवक सभेत विरोधकाशी कसे वागतात, हेही पाहावे.