वल्ह्यांच्या बळावरचे आरमार

महाळुंगे आणि चाकणच्या कारखान्यांतील माल न्हावाशेवा बंदराकडे निघतो तेव्हा तो लोणावळ्याजवळून बोरघाट उतरतो. घाटमाथ्याचे समुद्राशी असलेले हे नाते कारखान्यांइतके नवे नाही. मराठ्यांच्या सर्वांत नामांकित दर्यावर्दी सेनानीचे, सरखेल कान्होजी आंगरे यांचे, घराणे मूळचे पुणे परिसरातील काळोसे गावचे. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडीवरून ते आंगरे झाले. लोणावळ्याजवळच्याच वळवण येथे 1714 मध्ये याच कान्होजींशी झालेल्या तहाने शाहू महाराजांचे आसन स्थिर होण्यास मोठा हातभार लावला.

कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. त्यामुळे देशावरच्या या घराण्यातील मुलाचे बालपण हर्णैच्या किनाऱ्यावर गेले. एका बाजूला सह्याद्रीचे घनदाट रान, दुसऱ्या बाजूला खवळता दर्या आणि मध्ये कांदळवनांनी वेढलेल्या खाड्या, असा हा मुलूख. कोणती खाडी भरतीला किती आत जाऊ देते, ओहोटीला खडक कोठे डोके वर काढतात, हे जाणणारे कोळी, भंडारी, गाबीत आणि खारवी हेच तेथील खरे वाटाडे. नकाशांवर विसंबणाऱ्या परदेशी कप्तानाला हे ज्ञान सहजी मिळणारे नव्हते. आज कोकणातील खाड्यांत पर्यटक स्थानिक वाटाड्याच्या सोबतीने कयाक वल्हवतात; त्या काळी याच जाणकारीवर एक राज्य तगून होते.

1698 च्या सुमारास, सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. राजाराम महाराज जिंजीच्या धकाधकीतून नुकतेच सुटलेले, मोगलांचा रेटा कायम, अशा काळात किनारा राखणे सोपे नव्हते. कान्होजींच्या आरमारात गुराबा आणि गलबते असत. गुराब रुंद, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पण उथळ पाण्यात चालणारी. गलबत त्याहून लहान, सहसा 70 टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागीच खिळून राही. गलबत मात्र ताशी चार मैलांच्या वेगाने वल्हवता येई. अशा वेळी गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत आणि गुराबांवरील तोफा तेथून मारा करीत. पाठलाग झालाच तर शेजारची खाडी होतीच. या युद्धतंत्रात शौर्याइतकाच हिशेब होता, याकडे पोवाड्यांच्या भरात दुर्लक्ष होते.

1712 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका कान्होजींच्या हाती लागली. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन लढाईत ठार झाला, त्याची पत्नी कैद झाली आणि 30 हजार रुपये दंड घेऊन तिची सुटका झाली. इंग्रजी कागदपत्रे त्यांना चाचे ठरवतात ती अशा घटनांमुळे. परंतु कान्होजींचे म्हणणे सरळ होते : या समुद्रात व्यापार करायचा, तर आमचा दस्तक घ्यावा लागेल. पोर्तुगीज आपल्या परवान्यासाठी हेच दोन शतके करीत आले होते. एकाने केली तर राज्यव्यवस्था आणि दुसऱ्याने केली तर चाचेगिरी, हा न्याय तपासून पाहण्याजोगा आहे.

गव्हर्नर चार्ल्स बून याने हे आरमार मोडण्याचा चंगच बांधला. 1717 मध्ये विजयदुर्ग, 1718 मध्ये खांदेरी; दोन्ही मोहिमा फसल्या. मग इंग्रजांनी 'फ्रॅम' नावाची सपाट बुडाची तरंगती तोफनौका बांधली. उथळ पाण्याचे महत्त्व त्यांनाही उमगले होते म्हणायचे! तिच्यासह 1720 मध्ये विजयदुर्गावर पुन्हा हल्ला झाला आणि तोही वाया गेला. 1721 मध्ये कमोडोर मॅथ्यूजच्या नेतृत्वाखाली इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागच्या कुलाब्यावर चालून गेले. या वेळी बाजीराव पेशव्यांची कुमक वेळेवर पोचली. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी तह केला आणि इंग्रज एकाकी पडले.

4 जुलै 1729 रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांच्या हयातीत आरमाराचे प्रमुख गड शत्रूला घेता आले नाहीत. पुढे मुलांत तंटे लागले, दौलतीची वाटणी झाली आणि धाकट्या तुळाजीचे पेशव्यांशी वितुष्ट आले. 1756 च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला. बंदरात उभी असलेली तुळाजीची गुराबा-गलबते तेथेच जळून खाक झाली.