रिकाम्या हातांचे दान

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय बेंगळुरू येथे आहे. भाषांतराच्या कामानिमित्त त्या शहराचा विषय निघाला की मला हटकून पंडिता रमाबाईंची आठवण होते. बेंगळुरू ज्या राज्याची राजधानी, त्याच कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला. दानाचा पहिला धडा त्या घरातच शिकल्या, आणि तो फार कडू होता.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना म्हैसूरच्या दरबारी मान व द्रव्य दोन्ही मिळाले होते. गंगामूळ येथे त्यांनी विद्यार्थ्यांना व यात्रेकरूंना आश्रय दिला. दारी आलेल्याला विन्मुख पाठविणे त्यांना ठाऊकच नव्हते. त्यापायी ते कर्जबाजारी झाले. उरलेसुरले द्रव्य पुण्यप्राप्तीसाठी तीर्थोतीर्थी दक्षिणेत गेले. पुढे १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने गाठले. मोलमजुरीची सवय नव्हती, भीक मागण्याची लाज वाटे. आईवडील व थोरली बहीण एकामागून एक निवर्तली. या शास्त्रीबुवांना हसू नका, वाचकहो. त्यांचा सढळ हातच लेकीकडे वारशाने आला. देणे हे पुण्याचे मोल नव्हे, कृपेचे ऋण आहे, हे मात्र तिला १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरच हळूहळू उमगत गेले.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते, तेही मोजक्या विधवांपुरते. त्याची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. म्हणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेऊन फळबाग लावली, की तिच्या उत्पन्नावर सदनाचा चरितार्थ चालावा. बाई भावनेच्या भरात वाहणाऱ्या नव्हत्या. हिशेब त्यांना उत्तम कळत असे.

आणि तरीही, १८९६-९७ च्या दुष्काळाच्या वार्ता मध्य प्रांतातून येऊ लागल्या तेव्हा काय झाले पाहा. हाती जादा पैसा नव्हता, केडगावी राहण्याजोग्या इमारती नव्हत्या. तुम्ही आम्ही असतो तर आधी निधी जमविला असता आणि मग निघालो असतो. रमाबाई निघाल्या. उपाशी पोट काय असते ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या, आणि केडगावी 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या व वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे नुसते अन्न वाढले जात नसे. विणकाम, तेलघाणा, छापखाना, शेती असे काम प्रत्येकीच्या हाताला मिळे. मागण्याची लाज आणि कामाची सवय नसणे या दोहोंनी त्यांचे घर बुडविले होते. त्याचा विसर त्यांना कधी पडला नसावा, असे मला वाटते.

त्यांचे शेवटचे दान आम्हा भाषांतरकारांच्या विशेष जिव्हाळ्याचे. साध्या बायकांनाही कळावे म्हणून इब्री व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या ग्रंथाचे खिळे मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांनी जुळविले.