लोकनेते बाळासाहेब देसाई

सातारा जिल्ह्यात पाटण नावाचा तालुका आहे. चारी बाजूंना सह्याद्रीचे डोंगर, मधून वाहणारी कोयना नदी, भाताची लहान लहान शेते आणि मुसळधार पाऊस, असा हा प्रदेश. या तालुक्यातील विहे या गावी १० मार्च १९१० रोजी दौलतराव श्रीपतराव देसाई यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाळासाहेब देसाई या नावाने ओळखू लागला.

बाळासाहेबांचे बालपण गरिबीत गेले. शिकण्याची हौस मोठी, पण घरची परिस्थिती बेताची. त्यांनी कष्ट करून कोल्हापुरात शिक्षण घेतले आणि ते वकील झाले. वकिली करताना खेड्यापाड्यांतील माणसांची दुःखे त्यांनी जवळून पाहिली. सातारा जिल्हा लोकल बोर्डाचे ते अध्यक्ष झाले. १९५२ साली ते पाटणमधून आमदार म्हणून निवडून आले. नंतर त्यांनी राज्याच्या मंत्रिमंडळात अनेक खाती सांभाळली.

ते शिक्षणमंत्री असताना एक महत्त्वाचा निर्णय झाला. ज्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी होते, त्या कुटुंबातील मुलांना फी माफ झाली. जात कोणती, धर्म कोणता, हे विचारायचे नव्हते. उत्पन्न हीच कसोटी होती. शेतकऱ्यांची, मजुरांची, विणकरांची कितीतरी मुले या सवलतीमुळे शिकली. फी माफ झालेल्या मुलाला वर्गात मान खाली घालावी लागत नसे, कारण ती भीक नव्हती, तो त्याचा हक्क होता. गरिबी सोसलेल्या माणसालाच हा फरक कळतो.

याच काळात कोयना नदीवर मोठे धरण बांधले जात होते. धरणामागे शिवाजीसागर जलाशय तयार झाला. त्यात अनेक गावे बुडाली. लोकांनी घरे सोडली, शेते सोडली, वाडवडिलांच्या कबरी आणि देवळे सोडली. कित्येक कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत जाऊन राहिली. कोयनेची वीज मुंबईला आणि पुण्याला मिळू लागली. तेथील गिरण्या, कारखाने आणि दिवे त्या विजेवर चालू लागले.

मग ११ डिसेंबर १९६७ चा दिवस उजाडला. तो सोमवार होता. रमजानचा महिना चालू होता. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. सहेरीची वेळ होती. कडाक्याच्या थंडीत बाकीचे लोक गाढ झोपेत होते. अचानक जमिनीतून प्रचंड आवाज आला आणि सारे कोयनानगर हादरले. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. क्षणात होत्याचे नव्हते झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दीड हजारांहून अधिक लोक जखमी झाले. हजारो लोक उघड्यावर आले. धरणाला तडे गेले, पण धरण टिकले. मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत धक्के जाणवले. कोयनेची वीज बंद पडली, तेव्हा मुंबईतील कारखानेही थांबले.

बाळासाहेब त्या वेळी राज्याचे गृहमंत्री होते आणि पाटणचे आमदारही होते. संकट त्यांच्या स्वतःच्या घरावरच आले होते. ते कोयनानगरला धावले. त्यांनी लोकांना धीर दिला आणि मदतकार्यात लक्ष घातले. जखमींना दवाखान्यात नेणे, अन्न पोहोचवणे, थंडीत डोक्यावर छप्पर देणे, ही कामे एकाच वेळी करायची होती. महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून मदत येऊ लागली. कोणी पैसे दिले, कोणी धान्य दिले, कोणी कपडे आणि घोंगड्या दिल्या.

अशा वेळी देणाऱ्यांच्या मनात नेहमी काही प्रश्न येतात. माझ्या एका रुपयाने काय होणार? माझा पैसा गरजूपर्यंत पोहोचेल का? त्या लोकांशी माझा काय संबंध? हे प्रश्न १९६७ सालीही होते आणि आजही आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोयनेच्या पाण्यातच आहे. मुंबईत दिवा लागावा म्हणून कोयनेच्या लोकांनी आपली गावे दिली होती. मग मुंबईच्या कामगाराने कोयनेसाठी दिलेला रुपया हा उपकार कसा? ती तर घेतलेल्या देण्याची परतफेड होती. आपण कोणाच्या कष्टावर जगतो, हे आपल्याला बहुधा ठाऊकच नसते. म्हणून मदत देताना हात वर आणि मान ताठ ठेवू नये. फाटके, मळके कपडे काढून देणे म्हणजे मदत नव्हे. जे आपण स्वतः वापरू, तेच दुसऱ्याला द्यावे. जकात आणि सदका देताना वडीलधारी माणसे आपल्याला हेच शिकवतात.

एका रुपयाने काय होते, हेही कोयनेने दाखवले. आठ-पंधरा दिवसांनी लोक संकट विसरतात, पण पडलेले घर उभे राहायला वर्षे लागतात. कोयना भूकंप पुनर्वसन निधी पुढे अनेक वर्षे चालू राहिला आणि पाटण तालुक्यातील गावांच्या कामांना त्यातून पैसे मिळत गेले. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे. आणि पैसा पोहोचेल का, ही शंका विचारणे चुकीचे नाही. हिशोब मागणे हा देणाऱ्याचा अधिकार आहे. मात्र शंकेचे निमित्त करून हात आखडता घेऊ नये.

बाळासाहेब १९७७ साली विधानसभेचे अध्यक्ष झाले. शेवटपर्यंत ते पाटणच्या मातीशी जोडलेले राहिले. २३ एप्रिल १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. लोकांनी त्यांना लोकनेते ही पदवी दिली. मरळीचा साखर कारखाना आणि पाटणचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

कोयनेनंतरही संकटे आली. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला. २०१९ साली सांगलीत कृष्णेचा महापूर आला. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातच आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. प्रत्येक वेळी लोक धावून आले. आज मदत देणारा उद्या मदत घेणारा असू शकतो. हे ज्याला समजले, त्याचा हात देताना कधी कचरत नाही.

स्वाध्याय
१. फी माफीच्या सवलतीसाठी कोणती कसोटी होती?
२. कोयनेचा भूकंप केव्हा झाला? त्यात कोणते नुकसान झाले?
३. मुंबईकरांची मदत ही परतफेड होती, असे लेखकाला का वाटते?
४. तुमच्या गावातील लोकांनी संकटग्रस्तांना केलेल्या मदतीविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.