हार्ली अर्ल

हार्ली जे. अर्ल (२२ नोव्हेंबर, इ.स. १८९३ – १० एप्रिल, इ.स. १९६९) हे अमेरिकन मोटाररचनाकार होते. जनरल मोटर्स या कंपनीच्या रचना विभागाचे ते पहिले प्रमुख होत. विक्रीसाठी नव्हे, तर उद्याची मोटार कशी असेल हे दाखवण्यासाठी बनवल्या जाणाऱ्या संकल्पना मोटारींची प्रथा प्रामुख्याने त्यांनी रुजवली. जेट विमाने आणि अवकाशयुग यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या ‘फायरबर्ड’ या तीन मोटारींसाठी ते विशेष ओळखले जातात.

पूर्वायुष्य

अर्ल यांचा जन्म कॅलिफोर्नियातील हॉलिवूड येथे झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बांधत असत. पुढे त्यांच्या कारखान्यात मोटारींचे साटे तयार होऊ लागले. हार्ली यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडले आणि ते या व्यवसायात उतरले. टॉम मिक्स, रॉस्को आर्बकल अशा मूकपटांतील नटांसाठी त्यांनी खास मोटारी घडवल्या. रचनेचे नमुने ते मूर्तिकाराप्रमाणे मातीत घडवत. त्या काळी लाकूड व ठोकलेला पत्रा यांवरच भिस्त असे. मातीमुळे मोटारीचे सर्व भाग एकाच सलग आकारात पाहता येऊ लागले. ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

जनरल मोटर्समधील कार्य

इ.स. १९२७ साली बाजारात आलेल्या लासाल या मोटारीची रचना अर्ल यांनी केली. तिच्या यशानंतर कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्याच वर्षी ‘कला व रंग विभाग’ स्थापून त्याची सूत्रे अर्ल यांच्याकडे दिली. मोटारीचे रूप ठरवणे हे तोवर अभियंत्यांचे दुय्यम काम मानले जाई. अर्ल स्वतः फारसे रेखाटन करत नसत. सहकाऱ्यांची चित्रे व मातीचे नमुने न्याहाळून ते बदल सुचवत, आणि सहा फुटांहून अधिक उंचीच्या या माणसाच्या धाकात सारा विभाग वावरत असे. इ.स. १९४० मध्ये ते कंपनीचे उपाध्यक्ष झाले.

इ.स. १९३८ ची ब्युइक वाय-जॉब ही पहिली संकल्पना मोटार समजली जाते. तिचे पुढचे दिवे झाकता येत आणि काचा विजेवर चालत. प्रदर्शनापुरती न ठेवता अर्ल ती अनेक वर्षे स्वतः वापरत होते. लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले उभे पंख इ.स. १९४८ च्या कॅडिलॅकवर आले. इ.स. १९५१ च्या ल सेबर या मोटारीचे रूप जेट विमानावर बेतलेले होते. पाऊस पडू लागल्यास तिचे छप्पर आपोआप वर येई.

फायरबर्ड मोटारी

पहिली फायरबर्ड इ.स. १९५४ साली कंपनीच्या ‘मोटोरामा’ या प्रदर्शनात मांडली गेली. डग्लस स्कायरे या विमानावरून तिचा आकार सुचला होता. टोकदार नाक, चालकाच्या डोक्यावर काचेचा घुमट, बाजूंना आखूड पंख आणि मागे उभे शेपूट असल्याने ती चाके लावलेल्या विमानासारखी दिसे. तिच्यात एकच माणूस बसू शके. तिला ३७० अश्वशक्तीचे गॅस टर्बाइन इंजिन होते. एवढी शक्ती जमिनीवर पेलणे सोपे नव्हते. अभियंता एमेट कॉंकलिन यांनी ती चाचणीत ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगापर्यंत नेली. परंतु दुसरा गिअर टाकताच टायरांची पकड सुटू लागली आणि त्यांना वेग कमी करावा लागला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान सुमारे ६७७ अंश सेल्सियस असे; भर रस्त्यात अशी मोटार मागच्या वाहनांना धोकादायकच ठरली असती.

या अडचणींचा विचार दुसऱ्या फायरबर्डमध्ये (इ.स. १९५६) दिसतो. चार आसनांच्या या मोटारीत बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता पुन्हा उपयोगात आणली होती. तिचा साटा टायटॅनियमचा होता आणि रस्त्यात पुरलेल्या तारेच्या आधारे मोटार आपोआप चालावी, अशी कल्पना तिच्यात मांडली होती. इ.स. १९५८ मध्ये तयार झालेल्या तिसऱ्या फायरबर्डला सात पंख होते आणि दोन प्रवाशांसाठी काचेचे दोन स्वतंत्र घुमट होते. सुकाणूचक्राऐवजी एकाच दांड्याने ती वळवता, पळवता आणि थांबवता येई. तिघींपैकी एकही विक्रीस आली नाही.

टीका व अखेरचा काळ

दरवर्षी रूप बदलून जुनी मोटार शिळी वाटायला लावण्याचे धोरण अर्ल व स्लोन यांनी राबवले. त्यामुळे विक्री वाढली, मात्र अनावश्यक उधळपट्टीचा आक्षेपही आला. हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. मोटारींवरील अणकुचीदार पंख पादचाऱ्यांना घातक असल्याची टीका राल्फ नेडर यांनी इ.स. १९६५ मध्ये केली.

अर्ल यांना खरा धक्का मात्र घरातूनच बसला. इ.स. १९५६ मध्ये ते युरोपात असताना क्रायस्लरच्या आगामी सडपातळ मोटारी त्यांच्या तरुण सहकाऱ्यांच्या दृष्टीस पडल्या. आपले क्रोमने मढवलेले जड नमुने त्यांच्यापुढे जुनाट ठरतील हे ओळखून त्यांनी प्रमुखांच्या अनुपस्थितीतच नवी रेखाटने सुरू केली. परतल्यावर अर्ल यांनी ती मोडीत काढली नाहीत, इ.स. १९५९ च्या मोटारी त्याच दिशेने गेल्या. इ.स. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले आणि बिल मिचेल यांनी त्यांची जागा घेतली. फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे अर्ल यांचे निधन झाले. डेटोना ५०० या शर्यतीच्या विजेत्यास त्यांच्या नावाचा चषक दिला जातो. त्यावर पहिल्या फायरबर्डची प्रतिकृती बसवलेली आहे.