डॉक्टरला पेशंटच्या खुर्चीत बसवणारा माणूस : जेकब मोरेनो

मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचार शिकवताना बऱ्याचदा एक खेळ खेळतात. एक विद्यार्थी डॉक्टर होतो, दुसरा पेशंट. थोड्या वेळाने दोघं जागा बदलतात. याला म्हणतात रोल प्ले. त्याची मुळं शोधत गेलं की आपण पोहोचतो जेकब मोरेनो यांच्यापर्यंत.

मोरेनो यांचा जन्म १८८९ चा, रोमानियातल्या बुखारेस्टचा. लहानपणीच कुटुंब व्हिएन्नाला आलं. तिथे शिकत असताना ते ऑगार्टन नावाच्या बागेत मुलं जमवायचे आणि गोष्टी रंगवून सांगायचे. मग मुलं त्या गोष्टी करून दाखवायची. पाठ केलेले संवाद नसायचे. जे सुचेल ते बोलायचं.

१९१७ मध्ये मोरेनो डॉक्टर झाले, पण नाटकाचा नाद सुटला नाही. १ एप्रिल १९२१ ला त्यांनी व्हिएन्नातल्या थिएटरमध्ये एक सिंहासन मांडलं. प्रेक्षकांनी वर यायचं, राजा व्हायचं आणि देश कसा चालवणार ते दाखवायचं. प्रयोग साफ पडला. तरी त्यांनी संहिता नसलेल्या नाटकांचा गट उभा केला. त्यातूनच ‘सायकोड्रामा’ ही उपचारपद्धत जन्माला आली.

त्याच व्हिएन्नात फ्रॉइड पेशंटला कोचावर झोपवून बोलतं करत होते. मोरेनोंनी पेशंटला स्टेजवर उभं केलं. आईशी भांडण असेल तर दुसरं कुणीतरी आई व्हायचं आणि ते भांडण सगळ्यांसमोर घडायचं. मग पेशंटनेच आईच्या जागी उभं राहायचं.

१९२५ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावात त्यांनी स्वतःचं हॉस्पिटल काढलं आणि तिथे खास स्टेजही बांधलं. उपचार आणि प्रशिक्षण, दोन्ही तिथेच चालायचं.

मोरेनोंवर टीकाही झाली. ते स्वतःचा फार उदोउदो करतात, असं अनेकांना वाटायचं. १९७४ मध्ये बीकनलाच त्यांचं निधन झालं.

आजाराची लक्षणं पुस्तकातून पाठ होतात. पण आपल्याला आवाज ऐकू येतात, हे अनोळखी डॉक्टरला सांगताना जीभ का अडखळते, हे पेशंटच्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही. शिवाय खेळात विद्यार्थी चुकला तर खऱ्या पेशंटला त्रास होत नाही.

मात्र मोरेनोंच्या पद्धतीत खेळ संपला की लगेच उठून जायचं नसतं. सगळ्यांनी बसून, आपल्याला काय वाटलं ते सांगायचं असतं. घाईत नेमका हाच भाग गाळला, तर उरतं फक्त नाटक.