भयाच्या वाटेवरून परत : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांच्या धर्मांतराबद्दल तर त्याहूनही अधिक. परंतु भयाशी त्यांनी आयुष्यभर दिलेली झुंज त्या मानाने उपेक्षितच राहिली. ही झुंज समजून घेतल्याशिवाय केडगावचे ‘मुक्ती’ कशातून उभे राहिले, याचा उलगडा होत नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे आश्रम मोडला आणि पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणे हाच कुटुंबाचा संसार झाला. लहानग्या रमेने संस्कृत पाठ केले ते आईच्या तोंडून, या भ्रमंतीतच.

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले होते. भीक मागण्याची सवय नव्हती आणि मजुरी शिकलेली नव्हती. अरण्यात शिरून सर्वांनी तेथेच देह ठेवावा, असा विचार करण्यापर्यंत वेळ आली. पाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस निघाले. वडील गेले, पाठोपाठ आईने अंथरूण धरले. तिच्यासाठी शिळ्या भाकरीचा तुकडा मागायला रमा एका घरी गेली; पण तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी तेवढे वाहू लागले. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसे पुरेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. ती ठेंगणी, खांदा पुरेना म्हणून तिरडीचा भार तिने डोक्यावर घेतला आणि तीन मैलांवरचे स्मशान गाठले.

पुढे ही दोघे भावंडे पायी उत्तरेकडे गेली. पांघरायला पुरेसे वस्त्र नव्हते. झेलमच्या काठी थंडीपासून जीव वाचविण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि मस्तक तेवढे बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. ज्या देवांची आयुष्यभर आराधना केली, ते ऐकत नाहीत, हा विचार याच काळात त्यांच्या मनात रुजला. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पण मन आतून रितेच होते. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. कडेवर तान्ही मनोरमा तेवढी उरली.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आलेल्या मैत्रिणीचा तेथे दुर्दैवी अंत झाला. बहिरेपणामुळे वैद्यक शिकण्याचा बेतही सोडावा लागला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. तथापि, आपल्याला धर्म सापडला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी भेटला, असे त्या पुढे प्रांजळपणे सांगत. तोपर्यंतची श्रद्धा बुद्धीने पटलेली होती. नंतरची श्रद्धा भार टाकण्याजोगी झाली.

या श्रद्धेची पहिली कसोटी पुण्यात लागली. 1889 मध्ये मुंबईस स्थापिलेले शारदा सदन आता पुण्यात होते. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून 1893 साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मनिरपेक्षतेचे आश्वासन मोडले, ही टीकाकारांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. पण रमाबाईंनी दार लावून घेतले नाही, एवढे खरे.

खरी परीक्षा मात्र 1896 मध्ये आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली आणि बावीस वर्षांपूर्वीचे सर्व चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले. उपासमारीत तरुण मुलींना कोणते संकट गाठते, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. हाताशी पैसा बेताचाच होता. तरीही त्या स्वतः तेथे गेल्या आणि अनाथ मुलींना व विधवांना घेऊन आल्या. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. शहरात इतक्यांना ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावच्या माळावर, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीत, तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. उद्याचे धान्य कोठून येईल, हे ठाऊक नसतानाही त्या नव्या मुलीला परत पाठवीत नसत. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. माग, तेलघाणा, छापखाना सारे स्त्रियाच चालवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी मिळाली. पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यासही त्यांनी शाळा काढली.

1921 साली मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. ज्या एका जिवासाठी आयुष्यभर धास्ती वाहिली, तोही गेला. रमाबाईंनी हाती घेतलेले संपूर्ण बायबलच्या सुलभ मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ 1924 मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

त्यांच्या धर्मनिष्ठेशी सहमत असो वा नसो, एक गोष्ट प्रत्येक वाचकाला जाणवावी. भूक, मृत्यू आणि एकटेपण यांची भीती रमाबाईंना नव्हती असे नाही. ती त्यांच्याइतकी फार थोड्यांनी अनुभवली असेल. ज्या वाटेवर त्यांनी आईची तिरडी डोक्यावर वाहिली, त्याच वाटेवर दुसऱ्यांच्या लेकींना आणण्यासाठी त्या परत गेल्या. श्रद्धेने त्यांना दिले ते हे परत जाण्याचे बळ.